या हातातून त्या हातात

आमच्याबरोबरचे मिस्त्री आधी वाकले आणि त्यांनी इंजिनाला उलटा हात लावला. मग सरळ उभे राहत माझ्या भाच्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. इंजिन कोमट होतं. रविवारची सकाळ, साडेआठची वेळ, बोरिवली पश्चिमेतल्या एका जुन्या सोसायटीचं पार्किंग. मालक सांगत होता की गाडी गुरुवारपासून जागची हललेली नाही. धुऊन-पुसून, टाकीला पॉलिश मारून त्याने ती उभी केली होती. मिस्त्रींनी त्याला काही विचारलं नाही. "बघतो, कळवतो," एवढं बोलून आम्ही निघालो.

गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना ते म्हणाले, "दादा, रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्या सेल्फला उठते का, उठली की निळा धूर सोडते का, टॅपेट वाजतात का, हे बघायला आपण मुलुंडहून इथवर आलो. त्यांनी आपण यायच्या आधीच ती चालू करून गरम केली. जे बघायचं तेच झाकलं. आता बाकीची गाडी सोन्याची असली तरी मला नको."

भाचा गप्प होता. त्याला त्या टाकीचा निळा रंग फार आवडला होता.

ही गोष्ट २०२५च्या सप्टेंबरातली. ताईच्या मुलाला अंधेरीला सीप्झमध्ये नोकरी लागली होती. दिवसपाळी असेल तर प्रश्न नाही; मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, पुढे भुयारी मेट्रोने थेट सीप्झ. पण दुसरी पाळी सुटायला रात्रीचे साडेबारा वाजतात. त्या वेळी मेट्रो नसते, आणि रिक्षाला रोज तेवढे पैसे घालवले तर पगारातलं हातात काय उरणार? म्हणून मोटारसायकल. घ्यायची हे एका दिवसात ठरलं. नवी की जुनी, हे ठरायला सगळा महिना गेला.

ताईचा आग्रह नवीसाठी होता. "दुसऱ्याने ती कशी पिदडली असेल, कुठे पाडली असेल, आपल्याला काय माहीत? माझं पोर रात्री-बेरात्री त्या रस्त्याने येणार." या बोलण्याला उत्तर नव्हतं. भाच्याचं म्हणणं वेगळं होतं. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता नुकताच सुरू झालेला, त्यावर दुसरा हप्ता त्याला नको होता. आम्ही कागदावर हिशेब मांडला. दीडशे-एकशेसाठ सीसीची नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत एक लाख पंचेचाळीस हजारांच्या घरात जात होती. पंचवीस हजार आधी भरले आणि उरलेल्या एक लाख वीस हजारांचं साडेदहा टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज काढलं, तर महिन्याला जवळजवळ ३,९०० रुपये. व्याजच वीस हजारांवर. तशीच चार वर्षं वापरलेली गाडी सत्तर-पंच्याहत्तर हजारांना मिळत होती आणि तेवढे पैसे त्याच्याकडे आणि माझ्याकडे मिळून होते.

हा हिशेब मांडून होतो न होतो तोच तो बदलला. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. कराआधी लाखाची असलेली गाडी एक लाख अठ्ठावीस हजारांवरून एक लाख अठरा हजारांवर. ताईला वाटलं, देवीनेच कौल दिला. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पण नवी स्वस्त झाली की जुनीचीही किंमत उतरते. कालपर्यंत अडून बसलेले विकणारे दुसऱ्या दिवसापासून आपणहून फोन करून पाच-पाच हजार कमी करायला तयार होते. म्हणजे अंतर राहिलं जवळपास तेवढंच, आणि आम्हीही होतो तिथेच.

जुनी म्हणजे स्वस्त, हे आज आपण धरूनच चालतो. आमच्या घरात एकदा याच्या बरोबर उलट झालं होतं. १९७९ साली बाबांनी जुनी स्कूटर घेतली ती नव्या स्कूटरच्या शोरूममधल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून. आज हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. १९७२ साली बजाज चेतक आली, तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि थांबायचं, असाच रिवाज होता. काहींना दहा-दहा वर्षं थांबावं लागलं. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरे, त्यामुळे गिऱ्हाईक होतं आणि गाडी नव्हती. ज्याचा नंबर लागला तो गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी विकायला उभा राहिला तरी त्याला वरचे पैसे मिळत. बाबांच्या खात्यातल्या एकाचा नंबर लागला, त्याने सहा महिने स्कूटर फिरवली आणि मुलीच्या लग्नासाठी विकली. बाबांनी ती घेतली. आईची एक बांगडी त्यात गेली.

मला यातली एक गोष्ट नेहमी खटकत आली. बाबा लालबहादूर शास्त्री म्हणजे एल.बी.एस. मार्गाने कामाला जात. त्याच रस्त्यावर भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना होता. लॅम्ब्रेटा बनवणारी ती कंपनी. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना, जिथून पद्मिनी बाहेर पडत. आपल्या उपनगरातली माणसं दिवसभर गाड्या जोडत आणि संध्याकाळी बसच्या रांगेत उभी राहत. आज त्या दोन्ही कारखान्यांचे भोंगे नाहीत आणि त्याच रस्त्यावर गाड्या विकणारी शोरूम ओळीने उभी आहेत. अडचण संपली हे चांगलंच झालं. पण बाबांच्या पिढीला गाडी मिळवायला जे सोसावं लागलं, त्यामुळे ती माणसं गाडी जपत, आणि जपलेली गाडी पुढच्या हातात देत. ती सवय आता पातळ होत चालली आहे, असं मला त्या महिनाभरात दिसलं.

घाटकोपरला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात आम्ही गेलो. ओळीने पंधरा-वीस गाड्या, सगळ्या चकचकीत. त्यातली २०२०ची एक भाच्याने निवडली. मीटरवर आकडा होता चौदा हजारांचा. मिस्त्री पुन्हा खाली बसले. त्यांनी मागच्या ब्रेकचा पायटा अंगठ्याने चाचपला. त्याच्यावरचे दाते पूर्ण गुळगुळीत झाले होते. गिअरच्या रबराला भोक पडलं होतं. मग त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून टायरच्या कडेवरचे चार आकडे भाच्याला वाचायला सांगितले. ४७२३. "पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. हा टायर २०२३च्या शेवटाला बनला. गाडी २०२०ची. म्हणजे कंपनीचे टायर झिजले आणि दुसरा जोड चढला. चौदा हजारांत टायर झिजतात का?" मीटर मागे फिरवलेला होता. शेवटी त्यांनी हेडलाइटच्या काचेच्या आत बोट दाखवलं. तळाशी मातीची एक बारीक, सुकलेली रेघ होती. ही गाडी कधीतरी पाण्यात उभी होती.

ती रेघ बघून मला एकदम जुलै २००५ आठवला. २६ तारखेला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कितीतरी आठवडे एल.बी.एस. मार्गाच्या दुतर्फा गॅरेजांसमोर मोटारसायकली ओळीने पडून होत्या. इंजिनात पाणी, सायलेन्सरमध्ये चिखल. त्यातल्या बऱ्याच दुरुस्त होऊन, रंग लावून पुन्हा विकल्या गेल्या असणार. विकायला माझी हरकत नाही. घेणाऱ्याला सांगून विकायला हवं, एवढंच. न सांगता विकलेला माल घेणारा त्याच गाडीवर आपल्या लेकराला पुढे बसवून शाळेत सोडतो, हे विकणाऱ्याच्या मनात येत नसेल का?

ताईच्या भीतीचा विचार मी गंभीरपणे केला, कारण रस्ता मला पाठ आहे. मुलुंडहून भांडुप, कांजूर, गांधीनगरला उजवीकडे वळून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, आयआयटी, पवई तलाव, एल अँड टी आणि मग सीप्झ. पंधरा किलोमीटरच्या आसपास. मेट्रो सहाच्या खांबांमुळे कुठे रस्ता अरुंद, कुठे वळण अचानक, आणि पावसात लोखंडी पत्र्यांवरून चाक सरकतं. मोठे गुळगुळीत रस्ते मोटारसायकलवाल्यासाठी नाहीतच. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर त्याला मनाई, किनारी रस्त्यावर मनाई, अटल सेतूवर मनाई. त्याच्या वाट्याला ट्रक आणि बसच्या मधली जागा येते. तिथे वाचवतो तो ब्रेक. म्हणून मी एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की केली होती. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. कचकन ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, गाडी घसरण्याचा धोका कमी होतो. त्याच्या आधीची गाडी कितीही स्वस्त मिळाली, कितीही जपलेली असली, तरी ती घ्यायची नाही. ताईला एवढ्याने अर्धा धीर आला.

मग अंधेरीला एक गाडी सापडली. २०२१ची, एबीएसची, मिस्त्रींनी स्वतः वीस मिनिटं चालवून बघितलेली. इंजिन गार होतं, पहिल्या सेल्फला उठलं. चेन-स्प्रॉकेट ठीक, कोन सेट घट्ट, शॉकअपला तेलाचा ओघळ नाही. मिस्त्री पहिल्यांदा "चांगली आहे" म्हणाले. भाच्याने खिशातून बयाण्याचे पैसे काढलेसुद्धा. मी आरसी मागितली. त्यावर भलतंच नाव. विकणारा मुलगा भला होता, त्याने काही लपवलं नाही. त्याने ती दीड वर्षापूर्वी तिसऱ्याच माणसाकडून घेतली होती. नाव बदललं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० काढून दाखवले. मूळ मालकाची सही होती. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. "काका, टीटी फॉर्म सही करून तयार आहेत. तुमचं नाव टाका, झालं."

मी ते कोरे फॉर्म हातात घेऊन बघत राहिलो. भाच्याला मी का थांबलोय ते कळेना. मला ती सही दिसत नव्हती. मला बाबांची सही दिसत होती.

बाबांनी आयुष्यात एकच नवी गाडी घेतली. २००६ला निवृत्त झाले, फंडाच्या पैशांतून थोडे बाजूला काढले आणि दसऱ्याला स्प्लेंडर घरी आणली. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, हळदी-कुंकवाची बोटं हेडलाइटवर. गाडीच्या मागे त्यांनी एक छोटं लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं, त्याला डावीकडे एक वाकडा हुक. बाजाराची पिशवी त्या हुकाला अडकवायची. नऊ वर्षं त्यांनी ती गाडी चालवली. २०१५ला गुडघे सहकार्य करेनात, तेव्हा भांडुपच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्यामार्फत ती विकली. व्यवहार मीच केला. फॉर्म मीच आणले. बाबांनी सही केली, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख आम्ही कोरीच सोडली, कारण गॅरेजवाला म्हणाला, "गिऱ्हाईक आलं की मी भरून घेतो." पुढे मी विचारलं नाही. २०२०ला बाबा गेले.

अंधेरीहून घरी आलो तो थेट कपाटातल्या बाबांच्या फायलीकडे गेलो. कापडी पट्टीची, काळी फाइल. वीज बिलं, शिधापत्रिकेची झेरॉक्स, प्रत्येक वेळी भरलेल्या पेट्रोलची नोंद असलेली छोटी वही. तिच्यात आरसीची झेरॉक्स आणि एक पातळ कागद चार घड्या घालून ठेवलेला. उघडला. चॅसी नंबराचा पेन्सिलीचा छाप होता. गाडीच्या मानेवर कागद धरून वरून पेन्सिल घासली की नंबर कागदावर उमटतो, तसा. खाली बाबांच्या अक्षरात तारीख.

चलान बघायला गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे आकडे लागतात. भाच्याने ते मोबाइलवर भरले. तीन चलानं निघाली. तिन्ही बाबांच्या नावावर, तिन्ही न भरलेली. शेवटचं २०२३चं, बाबा जाऊन तीन वर्षं झाल्यानंतरचं.

त्या चलानाबरोबर फोटो होता. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने पाठीमागून काढलेला, पहाटे सहाच्या सुमाराचा, ओल्या रस्त्याचा. भाच्याने बोटांनी तो मोठा केला. गाडी बाबांचीच होती. मागच्या कॅरिअरवर निळ्या कापडात बांधलेली लादी पावांची मोठी चळत, दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या पिशव्या. डावीकडची पिशवी त्याच वाकड्या हुकाला अडकवलेली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"मामा, आजोबांची गाडी अजून चालते?" भाच्याच्या आवाजात नुसता आनंद होता.

मलाही आधी तेच वाटलं. सतरा वर्षांची गाडी. बाबांनी दर दोन हजार किलोमीटरला ऑइल बदललं, पावसाळा संपला की चेन रॉकेलने धुतली, त्याचं ते फळ होतं. कोणीतरी तिच्यावर रोज पहाटे पाव पोचवतं, कोणाच्यातरी घरची चूल तिच्यावर चालते. आई त्या वेळी बाजूला बसली होती. तिने मोबाइल जवळ घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हुक अजून तसाच आहे." बाकी काही बोलली नाही.

रात्री मात्र मला झोप आली नाही. कारण त्या पाववाल्याचा उद्या अपघात झाला, त्याच्या हातून कोणी दगावलं, तर नुकसानभरपाईची नोटीस बाबांच्या नावाने या घरावर येणार. हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती, अपघात झाला तेव्हा मूळ मालकाचा तिच्याशी काही संबंध उरला नव्हता. पण आरटीओच्या नोंदीत नाव त्याचंच होतं. न्यायालयाने म्हटलं, ज्याच्या नावावर नोंद तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातात ज्याचं माणूस गेलं त्याने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरू नये, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो. मोटार वाहन कायदा १९८८चा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आम्ही दहा वर्षं कळवलं नव्हतं. यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझा आहे. बाबांनी माझ्यावर विश्वासून कोऱ्या कागदावर सही केली होती.

त्यामुळे अंधेरीची ती उत्तम गाडी आम्ही सोडली. भाच्याला फार वाईट वाटलं. मी त्या मुलाला परत फोन करून सांगितलं की आधी तुझ्या नावावर करून घे, मग वीक. तुला किंमतही चांगली येईल. त्याने ऐकून घेतलं. पुढे काय केलं ते मला माहीत नाही.

त्यानंतर माझ्या मनातला प्रश्नच बदलला. नवी की जुनी हा वाद मागे पडला आणि ही गाडी आपण कोणाच्या हातातून घेतोय, याकडे लक्ष गेलं. नव्या गाडीला मागचा हात नसतो. शोरूममध्ये पैसे भरले की नाव आपलं, कागद आपला, पहिला ओरखडाही आपलाच. ज्याला कोणावर विसंबायचं नाही, ज्याच्याकडे जाणता मिस्त्री नाही, त्याने खुशाल नवी घ्यावी. हप्ता भरावा, पण शांत झोपावं. ताईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुनी घ्यायची तर यंत्र नंतर, माणूस आधी बघावा, असं माझं पक्कं मत झालं आहे. ज्याच्या घरी जाऊन, दोन शब्द बोलून, त्याच्यासमोर गाडी घेता येते, त्याच्याकडूनच घ्यावी. आणि जुनीत वाचलेले सगळे पैसे वाचले असं समजू नये. त्यातले दहा-बारा हजार टायर, ब्रेक पॅड, ऑइल आणि चांगल्या हेल्मेटसाठी आधीच वेगळे काढून ठेवावेत.

अशी गाडी शेवटी मुलुंडलाच मिळाली, आमच्या घरापासून चार इमारती सोडून. महापालिकेच्या दवाखान्यातल्या एक परिचारिका, त्यांच्या मुलाची गाडी. मुलगा नोकरीसाठी नाशिकला कायमचा गेला होता. २०२१ची, एबीएसची, एकाच हाताची. आम्ही न सांगता सकाळी सातला गेलो. मिस्त्रींनी इंजिनाला उलटा हात लावला. गार. बाईंनी चहा केला आणि गाडीबरोबर एक वही दिली. तिच्यात सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे चिकटवलेल्या. ती वही बघून मी किंमत पाडायचा विचार सोडला. त्या पंच्याहत्तर म्हणाल्या होत्या, बाहत्तरला स्वतःच आल्या. मुलगा सुट्टी काढून दोन दिवसांसाठी मुंबईला आला, हस्तांतराचा ऑनलाइन अर्ज दोघांनी शेजारी बसून भरला, दोघांच्या मोबाइलवर ओटीपी आले. फॉर्मवर एकही रकाना कोरा राहिला नाही. विमाही त्याच आठवड्यात भाच्याच्या नावावर करून घेतला. गाडीचं नाव बदलतात आणि विम्याचं विसरतात, अशीही माणसं मी बघितली आहेत.

मिस्त्री म्हणाले, "जुन्या पद्धतीने एक छाप घेऊन ठेवा. कधीतरी लागतो." भाच्याने हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं, मानेवरची धूळ फडक्याने पुसली, पातळ कागद घट्ट धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला लागला. आधी नुसता करडा पट्टा. मग त्यात एकेक अक्षर, एकेक आकडा पांढरा उमटत गेला. त्याने खाली तारीख घातली: २ ऑक्टोबर २०२५. दसरा. एकोणीस वर्षांनी दसरा पुन्हा त्याच तारखेला आला होता. ताईने हेडलाइटला हळद-कुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. जुन्या गाडीला हे करायचं का, असं तिला कोणी विचारलं नाही.

काही दिवसांनी आरसी आली. तिच्यावर भाच्याचं नाव आहे आणि मालकाच्या अनुक्रमांकाच्या जागी २ हा आकडा आहे.

बाबांच्या गाडीचं काम अजून चालू आहे. तिन्ही चलानं मी भरली. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि गाडी २०१५ साली विकल्याचा अर्ज वडाळ्याच्या आरटीओत दिला आहे, त्याची पोच फायलीत लावली आहे. भांडुपचं ते गॅरेज आता तिथे नाही. पाववाल्याला शोधतोय. तो भेटला तर त्याच्यावर रागवायचं नाही, असं आईने मला बजावून ठेवलं आहे. गाडी त्याच्या नावावर करता येत असेल तर तो सगळा खर्च मी करणार आहे, आणि त्याला एक हेल्मेट देणार आहे.

तुमच्या घरातूनही कधीतरी एखादी स्कूटर, एखादी मोटारसायकल अशीच कोऱ्या फॉर्मवर सही करून गेली असेल. तिचा नंबर घरात कोणालातरी अजून पाठ असतो. तो विचारून घ्या आणि ती आज कोणाच्या नावावर आहे, ते एकदा बघा.